डाव्या कोपऱ्याकडे कुणी येत नाही

मी एजंट आहे असं म्हटलं की आमच्या लालबागमध्ये माणसं आधी आवाज खाली आणतात. सध्या आमच्याकडे एजंट म्हणजे बिल्डरचा. "आमच्या खोलीचं काय होईल हो?" असं कुजबुजत विचारतात. मी त्यातली नाही म्हटलं की त्यांना मी विम्याची वाटते, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या पॉलिसीच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या घेऊन हजर होतात. त्यातलीही नाही म्हटल्यावर तिसरा अंदाज लग्नं जमवणारीचा असतो. तो जरा टिकतो, कारण माझ्याकडे खरोखरच पंचवीस-तीस वयाच्या धट्ट्याकट्ट्या मुलांचे फोटो, उंची, वजन आणि नोकरी लिहिलेली फाईल आहे. शेजारच्या सावंतीणबाईंनी त्या फाईलमधून आपल्या भाचीसाठी एक उजवा कोपरा पसंतही केला होता.

मी कबड्डीपटूंची एजंट आहे. म्हणजे नक्की काय, हे मला आमच्या ह्यांनाही अजून धड समजावता आलेलं नाही. हे बसवर कंडक्टर होते. त्यांच्या मते माणसानं तिकीट काढावं नाही तर उतरावं, मध्ये तिसरं माणूस कशाला? तर थोडक्यात सांगते. टीव्हीवर ती मोठी लीग चालते, तिच्यातल्या टीम मालकांच्या असतात. हंगाम संपला की मालक काही खेळाडू ठेवून घेतात, बाकीच्यांना सोडतात, आणि सोडलेल्यांचा लिलाव होतो. लिलावाच्या दिवशी एजंटला चहा पिण्यापलीकडे काही करता येत नाही. खरं काम त्याच्या आधीचं. मालकानं मुलाला ठेवून घ्यावं म्हणून बोलणी करायची, कराराचं बारीक अक्षर वाचायचं, मुलाच्या ऑफिसकडून रजा मिळवायची, खांदा निखळला तर डॉक्टर गाठायचा, आणि लग्न ठरलं तर मुहूर्त हंगामाच्या बाहेर ढकलायचा. शेवटचं काम सगळ्यांत अवघड, कारण मुलीकडच्यांना लीगचं वेळापत्रक दाखवून उपयोग नसतो.

या धंद्यात मी शिरले ते अपघातानं. अठ्ठावीस वर्षं मी फोर्टातल्या एका कंपनीच्या पर्सोनेल खात्यात होते. कंपनीची कबड्डी टीम होती. खेळाडू म्हणून लागलेल्या मुलांच्या रजा, बदल्या, बढत्या, दूध-अंड्याचा भत्ता, सगळे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. माझं काम नाही म्हणायचं, पण असं, की साहेबांनी जवळजवळ हो म्हटलं होतं असं वाटून मुलगा खुशीत परत जावा. कंपनीनं टीम बंद केली आणि पाठोपाठ मलाही स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. ती स्वेच्छा कुणाची होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. महिन्याभरात दोन मुलं लीगचे करार घेऊन दारात उभी. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला नाही म्हणत आलात. आता आमच्या बाजूनं त्यांना म्हणा ना."

इतकं सरळ नोकरीचं बोलावणं मला आयुष्यात आलं नव्हतं.

पहिलं गाजलेलं प्रकरण केसांचं. माझा एक चढाई करणारा मुलगा होता, मूळचा मालवणकडचा, राहायला करी रोडला. त्याला एका शाम्पूवाल्यांनी जाहिरातीत घेतलं. करारात अट, की हंगामभर केस कापायचे नाहीत. सही झाली, पेढे वाटले, आणि मग त्याची आई हळूच म्हणाली, "मॅडम, एक राहिलंच. तो लीगमध्ये लागला तर देवीपुढे त्याच्या डोक्यावरचे केस उतरवीन असा मी नवस बोललेय." मी दोन दिवस शाम्पूवाल्यांशी बोलले. ते ऐकेनात. शेवटी त्याच्या गावी गेले. तिथे गुरवानं देवीसमोर रीतसर गाऱ्हाणं घातलं, की पोराची अडचण समजून घे आणि हंगाम संपेपर्यंत मुदत दे. सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं आणि मुदत मिळाली. माझ्या सगळ्या कारकिर्दीत एवढ्या समजूतदार पार्टीशी माझी बोलणी झालेली नाहीत.

चढाई करणाऱ्या मुलांची प्रकरणं अशीच असतात, पण त्यांना गिऱ्हाईक असतं. पोरं त्यांच्यासारखे केस कापतात, टीव्हीवाले त्यांना टोपणनावं देतात. बचावातल्या मुलाचा धंदा करणं ही खरी परीक्षा. कबड्डी आपल्याला येते असं आपल्याकडे प्रत्येकालाच वाटतं, तरी कोपरा म्हणजे काय ते सांगते. सात जण बचावाला उभे राहतात, त्यांतल्या दोन टोकांचे ते दोन कोपरे. चढाईवाला आत आला की कोपऱ्यानं वाकून दबा धरायचा आणि त्याचा पाय हाताशी आला की घोटा धरायचा. घोटा सुटला नाही की बाकीचे सहा जण अंगावर पडतात. टाळ्या मात्र सगळ्यांत वर पडलेल्याला मिळतात, कारण कॅमेऱ्यात तो दिसतो आणि खाली घोटा धरलेला दिसत नाही.

सुमेध जाधव हा माझा डावा कोपरा. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेला, तिथल्याच मंडळात खेळलेला. बोलायला इतका कमी, की पहिल्या भेटीत तासभर त्याची आईच बोलली आणि निघताना मी चुकून तिलाच म्हटलं, "सरावाच्या वेळा कळवा." जाधवबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, पण वेळा मात्र खरंच लिहून पाठवल्या.

सुमेध एकाच टीमकडून चार हंगाम खेळला. मग एकदा हंगाम संपल्यावर मला मालकांच्या ऑफिसातून मेल आला. पाठवणारा मेहुल. हा चष्म्याचा, सभ्य, सत्तावीस वर्षांचा मुलगा टीमचे आकडे सांभाळायचा. त्यानं लिहिलं होतं की सुमेधचे पकडीचे गुण दर हंगामाला कमी होतायत, वय एकतीस आहे, तेव्हा टीम त्याला सोडायचा विचार करत आहे. मी लगेच फोन केला.

"मॅडम, रिस्पेक्ट आहे," मेहुल म्हणाला. "पण डेटा बघा ना. प्रत्येक मॅचला मुश्किलीनं एक पकड. आमचा उजवा कोपरा त्याच्या डबल करतो."

सोडलं तर लिलाव, आणि एकतीस वर्षांच्या, गुण नसलेल्या डाव्या कोपऱ्याला लिलावात कुणी हात लावत नाही. इथवर ठीक. पण सुमेधची नोकरीही त्याच्यावरच टांगलेली होती. भायखळ्याच्या एका सरकारी कंपनीत तो करारावर होता आणि तिथला नियम असा, की लीगमध्ये खेळतोय तोवर करार वाढणार. कायम व्हायला अजून दोन वर्षं हवी होती. म्हणजे मेहुलनं सोडलं की खेळही गेला आणि नोकरीही गेली. घरात आईच्या निवृत्तीला सहा महिने राहिलेले.

मी आधी सगळे एजंट करतात ते केलं, व्हिडिओ बनवून घेतला. चढाईवाल्याचा व्हिडिओ बनवणं सोपं, उड्या जोडत जायच्या. सुमेधच्या चार हंगामांतून सात मिनिटं निघाली. त्यांत वेगवेगळ्या रंगांच्या बनियनमधले वेगवेगळे लोक येतात, सुमेधकडे एकदा बघतात आणि दुसऱ्या बाजूला जातात. ह्यांनी ती सात मिनिटं चहाचा कप हातात धरून पाहिली.

"हा काय करतोय?" ह्यांनी विचारलं.

"उभा आहे."

"ते दिसतंय."

"अहो, तो उभा आहे म्हणूनच ते तिकडे जातायत."

"मग कोपऱ्यावरच्या सिग्नललाही पगार द्या," असं म्हणून हे कप ठेवायला उठले.

मी चिडले, पण हे आत गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच्याकडे कुणी येत नाही म्हणून त्याला गुण नाहीत. आणि उजव्या कोपऱ्याला डबल गुण आहेत, कारण सगळे तिकडेच जाऊन मरतात. सुमेध अर्धं मैदान एकट्यानं बंद करतो. आता हे मेहुलच्या भाषेत सांगायचं कसं? जे घडलं त्याचे आकडे असतात. घडलं नाही त्याचे कुठून आणायचे?

यावर मुंबईत एकच इलाज होता, तात्या मोरजकर. परळचे हे तात्या गिरणगावातल्या सगळ्या स्पर्धांचे गुणलेखक. आता ऐंशीच्या पुढे आहेत. मैदानावर जाणं थांबलं तसं ते टीव्हीवरचे सामने घरी बसून वहीत उतरवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघणार नव्हतं.

"तुमका कशाक व्हया ह्या?" मी विचारलं. त्यांच्यापुढे बसल्यावर माझंही मालवणी सुटतं. "टीव्हीवर गुण येतत की."

"टीव्हीवाल्यांचो काय भरवसो?" तात्या म्हणाले. "हय चढाई चालू आणि थय ते साबणाची जाहिरात लावतत."

तात्यांची पद्धत त्यांची स्वतःचीच होती. प्रत्येक चढाईला एक ठिपका. गडी डावीकडे गेला तर रेघेच्या डावीकडे, उजवीकडे गेला तर उजवीकडे. धरला तर ठिपक्याला गोल. दुसऱ्या कुठल्याही टीमचं पान उघडा, दोन्ही बाजूंना ठिपके साधारण सारखे. सुमेधच्या टीमची पानं उघडली तर उजवी बाजू काळी आणि डावी कोरी. पानामागून पान तसंच. मी तात्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "पाया कसल्या पडतस, चाय टाक."

वह्यांचा गठ्ठा घेऊन मी नायगावला गेले. म्हटलं आता आपण मेहुलला सोडणार नाही, दोन वर्षांचा करार मागू. टीमच्या नेहमीच्या कराराचा मसुदा जाधवबाईंना वाचायला दिला. बाईंचा नियम आहे, की सही करायच्या आधी त्या वाचणार, आणि त्या तांबड्या पेनाशिवाय वाचू शकत नाहीत. बत्तीस पानांचा इंग्रजी करार त्यांनी दोन संध्याकाळींत तपासला. समासात शेरे होते. एका कलमापुढे "मोघम", एकापुढे "पुनरुक्ती", आणि मालकाच्या हक्कांच्या आख्ख्या पानावर "फारच." एकोणिसाव्या कलमाला मात्र त्यांनी नुसतं वर्तुळ केलं होतं.

"हे काय म्हणतंय, गावडेताई? खेळाडूनं आपल्या सगळ्या ज्ञात दुखापती सांगितलेल्या आहेत. ज्ञात म्हणजे कुणाला ज्ञात? त्याला की त्याच्या आईला?"

"त्याला, बाई."

"कारण मला ज्ञात आहे," बाई म्हणाल्या. "तीन महिने झाले, हा जिना एकेक पायरी उतरतोय. दोन्ही पाय एका पायरीवर आले की मगच पुढची. चार वर्षांची मुलं उतरतात तसा."

सुमेध पंख्याकडे बघत बसला. मी विचारल्यावर म्हणाला, "डावा गुडघा. वळताना सुटतो."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

मी तशीच उलट पावली परळला गेले आणि तात्यांच्या पिशवीत राहिलेली शेवटची वही काढली. आधी आनंदाच्या भरात मी ती पाहिलीच नव्हती. शेवटच्या पाच सामन्यांत डावीकडे ठिपके वाढत गेलेले, आणि बऱ्याच ठिपक्यांना गोल नव्हते.

"येवक लागले," तात्या हळू आवाजात म्हणाले. "पोरांक वास लागता. मी तुका सांगूचो होतंय, पण तू चाय न घेताच पळालंस."

मी घरी येऊन विचार केला. फार केला असं सांगायला आवडलं असतं, पण तसं नाही. पर्सोनेल खात्यात आम्ही खोटं कधी लिहीत नसू. जोडपत्र जोडत नसू, इतकंच. मी ठरवलं, वह्या न्यायच्या आणि शेवटची वही तात्यांच्या पिशवीत राहू द्यायची. गुडघ्याचं पुढे बघता येईल, तोवर सही तरी होईल. सुमेधला फोनवर तसं सांगितलं. तो "हं" म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीला "हं"च म्हणतो, म्हणून मला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. आता वाटतं, यायला हवं होतं.

बोलणी होती लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत. एकविसाव्या मजल्यावर आम्ही तिघं, मी, सुमेध आणि तात्या. तात्यांना आणायचं नव्हतं, पण आपल्याशिवाय वह्या जाणार नाहीत असं त्यांनी बजावलं होतं. त्यांनी खिडकीतून खाली बघून आपल्या वडिलांचं गिरणीतलं खातं कुठे होतं ते बोटानं दाखवलं, आणि मग गालिचाच्या कडेला चपला काढून खुर्चीत बसले. समोर मेहुल आणि टीमचे कोच बलवानजी. हरयाणाचे, जुने चढाईपटू, कान चुरगळलेले.

मेहुलनं वह्या बघितल्या. अर्धा तास तो पानं उलटत होता आणि लॅपटॉपवर काहीतरी टिपत होता. मग म्हणाला, "मॅडम, हे इंटरेस्टिंग आहे. पण हे काकांनी टीव्ही बघून काढलेले डॉट्स आहेत. कोणी योगायोग म्हणाला तर?"

बलवानजी उठले आणि त्यांनी टेबल भिंतीला सरकवलं. सुमेधला गालिचाच्या डाव्या टोकाला उभं केलं, उजव्या टोकाला मला. पुढच्या मार्चमध्ये मी एकसष्टची होईन. तात्या मध्ये, खुर्चीतच.

"बेटा," कोच मेहुलला म्हणाले, "तू रेड डाल."

"मी? सर, मी कधी खेळलो नाही."

"इसीलिए."

मेहुलनं चष्मा काढून खिशात ठेवला. "कबड्डी कबड्डी" असं तो परीक्षेत उत्तर सांगावं तसं पुटपुटत आला. सुमेध फक्त वाकला. दुसरं काही केलं नाही, गुडघ्यांवर हात ठेवले आणि मेहुलच्या पायांकडे बघितलं. मेहुल थबकला, आणि मग अंगातला सगळा जोर काढून उलट्या दिशेला, माझ्याकडे आला. मी घाबरून बाजूला झाले. तो थेट पाण्याच्या मशीनवर गेला. बाटली हलली, तात्या "आउट" म्हणाले आणि त्यांनी वहीत ठिपका मारला.

"देखा?" बलवानजी म्हणाले. "इसको कबड्डी का क नहीं आता. फिर भी उधर नहीं गया."

मेहुल ओल्या शर्टानं बसला आणि दोन वर्षांच्या कराराला तयार झाला. माझ्या हिशेबानं जग जिंकलेलं होतं. मी पर्समधून पेन काढलं, सुमेधपुढे पान सरकवलं. त्यानं पेन घेतलं, एकोणिसावं कलम काढलं, तांबड्या वर्तुळाकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"तात्या," तो म्हणाला, "ती पिशवीतली वही द्या."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. चुकून डाव्याच. तो कळवळला, आणि आता सांगायला वेगळं काही उरलंच नाही. त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या तोंडून सलग इतकी वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकली. मेहुलनं लॅपटॉप मिटला आणि बलवानजींना सौम्यपणे म्हणाला, "सर, मग आपल्याला पुन्हा विचार करायला लागेल." सुमेधचा चेहरा उतरला नव्हता, माझा उतरला होता. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला, की त्याला लिफ्टनं न नेता एकवीस मजले जिन्यानं उतरवावं असं वाटलं.

मग हातात काहीतरी हवं म्हणून मी ती शेवटची वही उघडली. तात्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते माझ्या आधी नजरेतून सुटलं होतं. शेवटून पाचवा सामना, दुसरा डाव, अमुक चढाई: "जाधव पडला. गुडघा धरला. डॉक्टर आला, फवारा मारला, परत उभा केला." त्याच पानापासून पुढे डावीकडे ठिपके सुरू झाले होते. अठ्ठावीस वर्षांचं पर्सोनेल माझ्या अंगात जागं झालं.

"मेहुल," मी म्हटलं, "ही दुखापत घरी जिना उतरताना झालेली नाही. तुमच्या मॅटवर झाली, तुमच्या सामन्यात, आणि तुमच्याच डॉक्टरनं फवारा मारून त्याला परत उभा केला. आता त्यानं ती सगळ्यांसमोर जाहीर केली आहे. तुमच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे उपचार तुमचे. मी नाही, तुमचाच करार म्हणतोय. त्याच्यापुढे बाईंनी 'योग्य' असा शेराही मारला आहे."

मेहुलनं बाविसावं कलम वाचलं, परत वाचलं. बलवानजींनी तात्यांच्या वहीतलं ते पान वाचून घेतलं, आणि "लिखा तो सही है" एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत ठरलं ते असं: ऑपरेशन टीमच्या खर्चानं, एक हंगाम बसून अर्ध्या मानधनावर, आणि पुढचा हंगाम, डॉक्टरांनी हो म्हटलं तर, पूर्ण. नाव टीममध्ये राहणार, म्हणजे भायखळ्याची नोकरीही चालू राहणार. लपवून सही झाली असती तर पहिल्याच तपासणीत करार रद्द झाला असता आणि उपचाराचा एक पैसा मिळाला नसता. जे मी पिशवीत ठेवायला निघाले होते, त्यानंच पोराला वाचवलं. ही गोष्ट मी कौतुकानं सांगत नाही. बाईंना तर मी ती बरेच दिवस सांगितलीच नव्हती.

ऑपरेशन झालं. सुमेध वर्षभर रोज सकाळी नायगाव ते वडाळा व्यायामाला गेला. मी त्याच्या ऑफिसला पत्रं लिहीत होते आणि उत्तरं कशी येणार ते आधीच ओळखत होते, कारण तशी उत्तरं मीच शोधून काढलेली. मग त्याचा हंगाम आला. गुडघ्याची बातमी तोवर सगळ्या टीमना होती. पहिल्या सामन्यापासून प्रत्येक चढाईवाला पहिला डावीकडे. सुमेधनं धरायला सुरुवात केली. घोटे, मांड्या, एकदा तर हवेत उडी मारलेला गडी. लीगच्या पकडींच्या यादीत तो वरच्या पाचांत आला. टीव्हीवाल्यांनी त्याला टोपणनाव दिलं. नायगावच्या पोरांनी त्याच्यासारखे केस कापले, जे त्याचे आधीपासूनच सगळ्यांसारखे होते. भायखळ्याच्या कंपनीनं हार घालून त्याला कायम केलं. व्हिडिओ बनवायला बसले तर सात मिनिटांत मावेना.

हंगाम संपल्यावर आठवड्यात मेहुलचा फोन. "मॅडम, नंबर्स काय आहेत. करिअर बेस्ट. आपण तीन वर्षांचं बोलूया." नेमका त्या दुपारी सुमेध आमच्याकडे जेवायला होता. ह्यांनी आणलेले बांगडे तो मन लावून खात होता. मी फोनवर हात ठेवून त्याला सांगितलं. अशी बोलणी आयुष्यात एकदाच येतात आणि ती माझ्याकडे चालत आली होती.

"नको म्हणून सांगा, ताई," सुमेध म्हणाला. "मी थांबतोय."

"डोकं फिरलंय का? वरच्या पाचांत आहेस."

"आहे."

"मग? जो आला त्याला धरलंस."

"धरलं," तो म्हणाला. "पण आले ना."

ह्यांनी जेवता जेवता मान वर केली आणि, या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांना माझ्या धंद्यातलं काहीतरी कळलंय असं मला दिसलं. मी पदरानं डोळे पुसले आणि मेहुलला नाही म्हणून सांगितलं.

मेहुलला वाटलं मी घासाघीस करतेय. त्यानं आकडा वाढवला. मी परत नाही म्हटलं. त्यानं थोडा वेळ मागितला, मालकांशी बोलला आणि दहा मिनिटांनी असा आकडा सांगितला की मला खुर्ची ओढून बसावं लागलं. इतक्या ताकदीची बोलणी मी ना आधी केली ना नंतर, आणि सगळं घडलं ते मला खरोखरच काही नको होतं म्हणून. मी तिसऱ्यांदा नाही म्हणाले. यावेळी नाही म्हणताना समोरच्याला खुशीत परत पाठवणं काही जमलं नाही.

फोन ठेवला तेव्हा सुमेध हात धुऊन येत होता.

"विचार तरी," मी म्हटलं, "शेवटी किती म्हणाला ते."

"नको, ताई. ऐकलं तर मी उद्या परत उभा राहीन."

तो आकडा मी त्याला आजवर सांगितलेला नाही. जाधवबाईंना नाही, ह्यांनाही नाही. या लेखात एका कोपऱ्यात लिहून टाकावा असं मनात येऊन गेलं, पण सुमेध दर वर्षी हा दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो.